अष्टपुत्रे साहेबांनी पाठ दाखविली त्याची हकीकत

श्री. खडूचे धुळीस नमन, विजेचे तारेस नमन, आणि बटण दाबिले तरी जी लवकर उजळत नाही त्या आमचे बुद्धीस नमन करोन हकीकत लिहिली ऐशी जे, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, श्रावणमासी, एका थोर राज्यांत हे वर्तमान घडले. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. महाराज विद्येचे मोठे भोक्ते, आणि त्यांस कोणी सांगितले की शेजारचे राज्यांत शाळेचे भिंतीवर बोलता फळा बसविला आहे, विचारावे ते तो सांगतो आणि मागावे ते दाखवितो. मग महाराज बोलिले, "त्यांचा फळा बोलतो आणि आमचा मुका, ही तर नाचक्की!" आणि हुकूम सुटला की राज्यांत शाळा तितक्या ठिकाणी बोलता फळा बसवावा, छप्पर गळत असेल तेथे छत्री धरोन बसवावा. मग फळे आले. फळ्याचे माथ्यावर एक डोळा, त्याचे समोर जो उभा राहील तो आरशांत दिसावा तैसा फळ्यावर दिसे. मग यास हाक काय मारावी यावर दरबारांत मोठा खल जाहला. कोणी म्हणाले, 'अरे' म्हणावे, शेवटी तो चाकरच. महाराज म्हणाले, "एवढा थाटाने आणिला, त्यास अरेतुरे शोभत नाही." म्हणोन 'अहो' ही हाक ठरली. कोणी 'अहो' म्हटले की फळा "आज्ञा!" म्हणोन जागा होई आणि पुढचे बोल हुकूम समजोन पार पाडी. या राज्यांत बायको नवऱ्यास, नवरा सासऱ्यास, दुकानदार गिऱ्हाइकास आणि सर्व लोक सर्व लोकांस अहोच म्हणतात, हे मात्र दरबारांत कोणाचे ध्यानी आले नाही.

ते समयी सगुणा वाघचौरे नामें एक मुलगी शिक्षिका होण्याची उमेदवारी करीत होती. उंची बेताची, आवाज बारीक, पुस्तके पुष्कळ वाचिलेली, आणि वर्गांत पाऊल टाकिले की वाचिलेले सर्व बाहेर चपलांपाशी राहोन जाई. राज्याचा रिवाज ऐसा की उमेदवाराने परीक्षकांसमोर पाठ घ्यावा, म्हणजे मुलांस एक धडा शिकवोन दाखवावा, आणि शेवटी वर्गांतील यंत्राविषयी आपले चिंतन थोडक्यांत बोलावे, मगच नेमणूक. सगुणाबाई यांत दोन वेळां पडल्या. पहिले वेळी खडू घेवोन सारा वेळ फळ्यावर लिहीतच राहिल्या, आणि मागे मुलांनी डबे उघडोन खाल्ले. परीक्षकांनी शेरा दिला, "बाईंची पाठ मुलांकडे." दुसरे वेळी बोलत्या फळ्याची बटणे चाचपीत राहिल्या, आणि मागे मुलांनी लंगडी घातली. परीक्षकांनी शेरा दिला तोच, "बाईंची पाठ मुलांकडे." आता तिसरी वेळ, आणि रिवाजाप्रमाणे तीच शेवटली. या खेपेस पडल्या तर मामाचे पिठाचे गिरणीवर बसावे, ऐसे घरी ठरले होते. मामा मनाचा वाईट नव्हता. तो म्हणे, "सगुणे, अंगावर पांढरं पडायचंच आहे. खडूचं पडलं काय न् पिठाचं पडलं काय! गिरणीत निदान परीक्षक तरी येत नाही." परंतु सगुणाबाईंस पीठ नको होते, खडूच हवा होता.

पाठाचा विषय निघाला पाठीचा कणा, वर्ग चौथीचा. सगुणाबाईंबरोबर हणमंत खुस्पे म्हणोन एक उमेदवार शिकत होता, तो यंत्रविद्येत निपुण आणि बोलण्यांत त्याहून निपुण. त्याने पाठाचे दिवशी सकाळीच येवोन फळा तयार केला आणि म्हणाला, "हे बघ, याला मी शरीराचे सगळे अवयव शिकवून ठेवलेत. पोराला समोर उभं करायचं, 'हात दाखवा' म्हटलं की हात दाखवतो, 'गुडघा दाखवा' म्हटलं की गुडघा. शेवटी 'कणा दाखवा' म्हण, की हाडांचं चित्र येतं. खडूला तर शिवूच नकोस."

"आणि नाही आलं तर?"

"येतंय गं! किती भितेस! यंत्र आहे ते, तुझ्यासारखं ऐनवेळी गळपटत नाही."

"अहो हणमंतराव, एवढी खात्री आहे तर—" ऐसे सगुणाबाई थट्टेने बोलिल्या मात्र, तो फळा गर्जला, "आज्ञा! हणमंतराव हा अवयव सापडत नाही."

हणमंत म्हणाला की एवढे चालायचेच, आणि चहास निघोन गेला. सगुणाबाईंचे मनाची मात्र खात्री पटेना. मग त्यांनी शेजारचे जुने काळे फळ्यावर खडू पाण्यांत बुडवोन, दाट ठसठशीत कणा काढिला, वरपासोन खालपर्यंत मणक्यावर मणका, आणि बाजूस 'मान', 'पाठ', 'कंबर' ऐशी नावे लिहिली, आणि मनास म्हणाल्या, असूं द्यावा. खडू ओला तो तैसाच राहिला, आणि तितक्यांत घंटा जाहली, मुले बसली, आणि परीक्षक तात्यासाहेब अष्टपुत्रे यांची स्वारी पातली. अंगांत काळा कोट, गळा आवळलेला, मुद्रा ऐशी की जणू सकाळीच कोणी चुकीचे शुद्धलेखन दाखविले आहे. साहेबांनी काळा फळा पाहिला आणि कपाळास आठ्या घालोन विचारिले, "हा खडूचा कारभार कोणाचा?"

"माझा, साहेब. वेळप्रसंगी असावा म्हणून."

"महाराजांनी बोलता फळा दिला आणि तुम्ही खडू वापरता? पुसा तो."

फळा पुसण्याचे फडके मुलींनी धुवावयास नेले होते, ते नळावरच विसरले. साहेबांस थांबणे ठाऊक नाही. ते बोलिले, "नसू दे फडकं. मीच उभा राहतो पुढे. बघू कुणाला दिसतं ते!" आणि साहेब काळे फळ्यास पाठ टेकवोन, हात बांधोन, पहाऱ्यावर उभे राहिल्यासारखे उभे राहिले, आणि ओला खडू निमूट आपले काम करूं लागला.

मग पाठास आरंभ जाहला. पहिले बाकावरील बकुळा नामें मुलगी उठोन फळ्याचे डोळ्यापुढे उभी राहिली, आणि सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, हात दाखवा." फळ्याने "आज्ञा!" म्हणोन बकुळेचा हात एवढा मोठा दाखविला की नखांतील चिखलही वर्गास दिसला. बकुळेने हात फ्रॉकमागे लपविला. सगुणाबाईंस थोडा धीर आला, तितक्यांत साहेब खेकसले, "अहो बाई, मोठ्याने बोला!" फळा म्हणाला, "आज्ञा!" आणि त्यापुढे इतके मोठ्याने बोलूं लागला की खिडकीवरचे कबूतर उडाले. सगुणाबाई घाबरोन म्हणाल्या, "अहो, हळू, हळू!" तेव्हां फळा दोनदा हळू जाहला आणि चहाडी सांगितल्यासारखा कुजबुजूं लागला. मग सगुणाबाईंनी देवाचे नाव घेवोन शेवटची आज्ञा केली, "अहो, कणा दाखवा." फळा कुजबुजला, "आज्ञा!" आणि त्याने कणीस दाखविले. मुले ओरडली, "बाई, मका!" सगुणाबाईंनी शब्द तोडोन पुन्हा सांगितला, "क-णा." फळ्याने पुष्कळ विचार केला आणि परातीत मळलेली कणीक दाखविली. ती कणीक पाहतांच सगुणाबाईंचे डोळ्यांपुढे मामाची गिरणी फिरूं लागली, पट्ट्याचा आवाज ऐकूं येवूं लागला, आणि त्या मनांत म्हणाल्या, संपले, यंत्रासही कळले मी कोठे जाणार ते.

वर्गांत हसण्याचा कल्लोळ जाहला. मग अष्टपुत्रे साहेब संतापोन काळा फळा सोडोन पुढे आले, आणि मुलांस दटावण्यासाठी बोलत्या फळ्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड करोन मधोमध उभे राहिले आणि गर्जले, "गप्प बसा! आणि अहो बाई, कणीस पुरे, कणीक पुरे. आता पाठ दाखवा!"

फळा म्हणाला, "आज्ञा!" आणि त्याने पाठ दाखविली.

पाठ साहेबांची होती. काळे कोटावर, कॉलरपासोन कमरेपर्यंत, पांढरा शुभ्र कणा, मणक्यावर मणका, जैसा काढिला तैसा उठला होता. कोटावर अक्षरे उलटी उमटली होती, परंतु फळा पडला आरसा, त्याने उलट्याचे सुलट केले, आणि 'मान', 'पाठ', 'कंबर' ही नावे भिंतीवर लख्ख वाचतां आली. बकुळा ओरडली, "बाई, साहेबांचा कणा दिसतोय!"

"कुठे?" म्हणोन साहेब गर्रकन फळ्याकडे वळले. वळतांच फळ्यावर साहेबांचे पोट आणि कोटाची बटणे आली. साहेब म्हणाले, "कुठे आहे? हे तर पोट आहे!"

"गेला साहेब! तुम्ही वळलात म्हणून फळ्यावरून गेला, आता नुसता कोटावर आहे!"

"पुन्हा फिरा, साहेब!"

साहेब मुलांकडे फिरले, तो मुले म्हणाली, "आला!" साहेब पाहावयास वळले, तो मुले म्हणाली, "गेला!" ऐसे साहेब भोवऱ्यासारखे फिरूं लागले आणि कणा फळ्यावर येवूं जावूं लागला, आणि साहेबांस तो एकदाही दिसेना.

ते समयी सगुणाबाईंचे ध्यानी आले की आपण भिंतीशी बाजूस उभ्या आहो, हातांत खडू नाही, बोट बटणावर नाही, आणि मुलांचे चेहरे सगळे दिसत आहेत. आणि चेहरे दिसतांच, चपलांपाशी राहिलेली सर्व पुस्तके एकदम आंत आली. त्या बोलिल्या, "साहेब, आहात तसे उभे राहा. हलू नका." परीक्षकांस ऐसे आजवर कोणी बोलिले नव्हते, म्हणोन ते खरेच हलले नाहीत. मग सगुणाबाईंनी मुलांस विचारिले, "सांगा बरं, एवढे छोटे छोटे मणके कशाला? एकच लांब हाड का नको?"

बकुळा म्हणाली, "मग साहेबांना वाकता आलं नसतं."

"बघू या. साहेब, जरा वाकता का?"

साहेबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि वाकले. कोट ताणला, फळ्यावर मणके एकमेकांपासोन दूर सरकले, आणि मुले "आई गं!" म्हणोन बाकांवर उभी राहिली. मागचे बाकावरोन आरोळी आली, "अहो, अजून वाका!" साहेब काही बोलण्याचे आधी फळा कुजबुजला, "आज्ञा! वाकता येत नाही. कणा नाही." मग मुले आपआपली पाठ चाचपूं लागली, एकमेकांचे मणके बोटांनी शोधूं लागली, आणि जो मणका सापडे तो मानेचा, पाठीचा की कंबरेचा ते फळ्यावर वाचूं लागली, आणि डबा कोणी उघडिला नाही, लंगडी कोणी घातली नाही.

घंटा जाहली. साहेब सरळ जाहले, मानेवरचा घाम पुसला, आणि "अहो" ऐसे तोंडांत आलेले, फळ्याकडे पाहोन, गिळोन टाकिले. मग बोलिले, "बाई, रिवाज राहिला. यंत्राविषयी तुमचं चिंतन काय?"

सगुणाबाईंनी चिंतन पाठ केले होते, मोठमोठे शब्द घालोन केले होते, परंतु त्यांतला एकही आठवला नाही. त्या बारीक आवाजांत म्हणाल्या, "साहेब, खडू घेतला तेव्हा मी फळ्याकडे बघत होते. बटणं घेतली तेव्हाही फळ्याकडेच बघत होते. दोन्ही वेळा पाठ माझी होती. आज पाठ तुमची होती, म्हणून माझं तोंड पोरांकडे राहिलं. एवढंच सुचतंय. बाकी यंत्राचं मला अजून नीट कळत नाही."

साहेबांनी मान वळवोन आपले पाठीवरचे पाहण्याचा यत्न केला, तो साधला नाही. मग खाली पाहोन हळूच विचारिले, "बकुळे, बरा आलाय का गं कणा?"

"मस्त आलाय साहेब. फक्त कंबर जरा तिरकी आहे."

साहेब खाकरले. सगुणाबाईंनी डोळे मिटले, त्यांस गिरणीचा पट्टा ऐकूं आला. मग परीक्षकांनी शेरा दिला, "बाईंची पाठ... दिसली नाही."

एवंच. रणांत जो पाठ दाखवितो तो हरतो, ऐसे जुने लोक लिहीत आले. या रणांत अष्टपुत्रे साहेबांनी पाठ दाखविली, घरीं जाईपर्यंत वाटेने सर्वांस दाखविली, आणि हरले कोणीच नाही. फळ्याची हाक महाराजांनी पुढे बदलली ऐसे ऐकितो, खात्री नाही. सगुणाबाईंची नेमणूक जाहली, मामा गिरणी एकटाच चालवितो, आणि संध्याकाळी भाची घरी येते तेव्हां दोघांचे अंगावर पांढरे असते, परंतु कोणाचे कोणते, ते भाचीचे हसरे तोंड पाहोन कळते.