पहिला नंबर कमरुन्निसाचा

कमरुन्निसाला खोकून खोकून एकवीस दिवस झाले होते. पांढरकवड्याच्या खासगी डॉक्टरकडे एक खेप म्हणजे तिच्या नवऱ्याची, अब्दुल गनी पंक्चरवाल्याची, आठवड्याची कमाई. म्हणून सारी भिस्त बुधवारच्या फिरत्या दवाखान्यावर. तासभर थांबणार, फुकट तपासणार. उजाडताच गनीने शाळेच्या ओट्यापुढे तिच्या चपला सर्वांत पुढे ठेवल्या. मागे गावाने आपापल्या लावल्या. चप्पल हलली की नंबर गेला, हा गावचा कायदा.

दहाला फोन आला. दवाखान्याची गाडी नाल्याच्या चढावर बंद पडली होती.

"गनीभाई, पाना घे अन् चाल लवकर!" मागच्या नंबरचे सदाशिवराव ओरडले.

"अन् चपला?"

"त्या घालून गेलो तं नंबर कोन राखीन? ऱ्हाऊ दे तिथंच!"

झालं! तीस माणसं अनवाणी निघाली. कमरुन्निसा चपला राखत, खोकत बसली. वाटेवर कुणी तरी कुंपणासाठी बोरीच्या काट्या ओढत नेल्या होत्या. गाडी ढकलत गावात आणली, तोवर एकाचाही पाय धड राहिला नव्हता.

डॉक्टरीणबाई उतरल्या आणि किंचाळल्याच. "अहो, रक्त किती! आधी सगळे पाय दाखवा!" चिमटा घेऊन बसल्या, एकेक काटा काढला, धनुर्वाताची इंजेक्शनं दिली.

"मॅडम, हिचा खोकला पाहा नं जी. पहिला नंबर हाय तिचा," गनी लंगडत विनवत होता.

"यांच्या पायात काटा आहे का?"

"नाही जी."

"मग थांबा दोन मिनिटं."

दोन मिनिटांत तास संपला. "मॅडम, इंजिन गरम हाय तवरच निघू," ड्रायव्हर म्हणाला. "पुढचं गाव वाट पाहून राह्यलं."

"पुढच्या बुधवारी सगळ्यात आधी तुम्हालाच बघते हं," बाई म्हणाल्या. वहीत तीस पेशंट लिहिले होते आणि तिसांनाही एकच दुखणं.

पुढच्या बुधवारी गाडी वेळेवर आली. डॉक्टरीणबाई नव्हत्या. ड्रायव्हर खोकी उतरवू लागला.

"डॉक्टर कुठी हाय?" गनीने विचारलं.

"दुसऱ्या गावाले देली. तुमच्या गावात साऱ्याइले काट्याचाच तरास निघाला नं! वही पाहून वरच्या साहेबानं चपला पाठवल्या, फुकट."

आता कपाळ कुठं आपटायचं?

"पहिला नंबर कोनाचा?" ड्रायव्हरने विचारलं.

कमरुन्निसा खोकत उठली. नवा जोड हातात घेतला, पायात काही घातला नाही. तशीच ओट्यापुढे गेली आणि तो जुन्या चपलांच्या जागी नीट ठेवून दिला.

"हे काय करून राह्यली?" गनी म्हणाला.

"पुढचा बुधवार येईन नं, अजी."