माळीपुऱ्याचा एकुलता एक गोल

फुटबॉल हा भरल्या पोटी खेळायचा खेळ नव्हे, ही गोष्ट जगातील सर्व सुधारलेल्या देशांनी मान्य केली आहे. परंतु दारी आलेल्या पाहुण्याला उपाशीपोटी पळवायचे, ढकलायचे आणि वर त्याच्यावर गोल चढवायचा, ही माणुसकीची कोणती तऱ्हा, याचा खुलासा त्या देशांनी अजून केलेला नाही. हा प्रश्न जळगाव जामोदच्या माळीपुऱ्याने हाती घेतला आणि कायमचा निकालात काढला.

नवमहाराष्ट्र फुटबॉल क्लब, माळीपुरा, याची स्थापना राज्य झाले त्याच वर्षी, मिरचीचे तोडे आटोपल्यावर झाली. क्लब सातपुडा पायथा लीगच्या तिसऱ्या विभागात दाखल झाला. (पहिला व दुसरा विभाग अस्तित्वातच नव्हता, पण संघांना वर चढायला जागा असावी म्हणून सुरुवात तिसऱ्यापासून केली होती.) क्लबाच्या घटनेतील बहुतेक कलमे जेवणाविषयी, दोन-तीन अध्यक्षांविषयी आणि एक फुटबॉलविषयी होते. ते असे: 'पाहुण्यांची जेवणे समाधानकारकरीत्या आटोपल्यावर सामना सुरू करण्यास हरकत नाही.'

अध्यक्ष रंगराव हे मोठे बागाईतदार. त्यांनी फुटबॉल कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती होते. सेंटर फॉरवर्ड शालिग्राम याने मात्र पाहिला होता. वांग्यांची पोती घेऊन तो एकदा खामगावला गेला असता तिथे सामना चालू होता. एका काटकुळ्या गड्याने गोल मारला आणि त्याला ओळखतही नसलेल्या लोकांनी आपापल्या टोप्या हवेत उडवल्या. शालिग्राम वांगी विसरून उभा राहिला. त्या दिवसापासून त्याला जन्मात एकच गोष्ट हवी होती. खऱ्या सामन्यात, खऱ्या शिटीनंतर, एक गोल.

पहिला सामना घरच्या मैदानावर सोनाळ्याशी ठरला. पाहुणे एस.टी.तून उतरताच त्यांना पाय धुवायला पाणी देण्यात आले आणि पंगत बसवण्यात आली. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, ते फोडून त्यात तूप, वर वरण आणि वांग्याची भाजी. आग्रहासाठी क्लबाने प्रत्येक पाहुण्यामागे एक गडी नेमला होता. (माणसामागे माणूस लावणे हा फुटबॉलमधला मान्य डावपेच आहे.) पंच रामरावांनी शिटी फुंकली तेव्हा सोनाळ्याचा संघ निंबाखाली आडवा होता. त्यांचा कर्णधार तेवढा उठून बसला आणि पुन्हा निजला. नियमाप्रमाणे माळीपुऱ्याला पुढे चाल मिळाली. शालिग्राम बुटांचे बंद आवळून मैदानाच्या मध्यावर उभा होता. त्याने बंद सोडले आणि पंगतीची भांडी उचलू लागला.

परतीच्या सामन्यात सोनाळ्याने सव्याज परतफेड केली. पुढे सगळ्याच गावांनी ही पद्धत स्वीकारली. प्रत्येक संघ घरी जिंके, बाहेर हरे आणि हंगामाच्या अखेरीस सर्वांचे गुण सारखे भरत. इतकी समता दुसऱ्या कोणत्याही लीगला साधलेली नाही. पराभवाने खेळाडू खचत, असेही कधी दिसले नाही. उलट बाहेरगावी हरायला जाण्यासाठी राखीव खेळाडूंची झुंबड उडे, आणि त्यांत अध्यक्षांचे तीन व्याही असत. घरच्या मैदानावर गोलपोस्ट नुसताच उभा दिसतो म्हणून त्यावर दोडक्याचा वेल चढवण्यात आला. दोडके चांगले लागले.

शालिग्राम मात्र रोज पहाटे मळ्यात पाणी देऊन झाले की त्या दोडक्यांमधून चेंडू मारण्याचा सराव करी. अशी वर्षे गेली. त्याचे केस कानांवर पिकले, तशी क्लबाने पुढच्या हंगामापासून त्याला उपाध्यक्ष करण्याचे ठरवले. उपाध्यक्षाला बूट घालायची मनाई होती. म्हणजे सोनाळ्याच्या मैदानावरचा यंदाचा सामना हा त्याचा शेवटचा. एस.टी.त बसतानाच त्याने ठरवले, की आज जेवायचे नाही.

सोनाळ्याच्या क्लबाचा स्वयंपाक मनकर्णाबाईंकडे असे. त्यांच्या पंगतीतून उपाशी उठलेला माणूस तालुक्यात कोणी पाहिला नव्हता. शालिग्रामने ताटावरून हात मागे घेतला तशी सगळी पंगत थबकली.

"काऊन रे? आमच्या हातचं चालत नाही का तुले?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तसं नाही काकू. मले आज खेळाचं आहे."

"मंग खेळाले कोन नाही म्हणते? जेव आन् खेळ ना, बाप्पा!"

"जेवलो तं निजतो, काकू. इतकी वर्सं तेच होऊन राह्यलं."

रंगरावांच्या हातातला रोडगा हातातच राहिला. "शालिग्राम, एक घास खाय बे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "गावाची इज्जत आहे." शालिग्रामचे डोळे भरून आले, कारण भाजीचा वास खरोखर चांगला होता. तरी तो उठला आणि मैदानाकडे चालू लागला.

रामराव कर्तव्यदक्ष पंच होते. तेही जेवले होते, म्हणून त्यांनी शिटी निजूनच फुंकली, आणि एकजण मैदानात उभा असल्याने सामना सुरू झाल्याचे जाहीर करून डोळे मिटले. शालिग्राम चेंडू घेऊन निघाला. पाहुण्यांना आग्रह करता करता यजमानही जेवले होते, त्यामुळे सोनाळ्याचे दोन बचावपटू नेमल्या जागीच झोपले होते. एकाला त्याने वळसा घातला, दुसऱ्यावरून उडी मारली. गोलरक्षक खांबाला टेकून घोरत होता. शालिग्रामने सगळा जीव एकवटून लाथ मारली आणि चेंडू कपाशीत गेला. तो स्वतःच जाऊन चेंडू घेऊन आला. दुसऱ्या लाथेला गोल झाला.

"गोल!" तो ओरडला. कोणाची टोपी हलली नाही. गोलरक्षकाने एक डोळा उघडला.

"काय झालं बे?"

"गोल झाला."

"बरं झालं," म्हणून तो कुशीवर वळला.

जागे माणूस एकच होते. मनकर्णाबाई झाकलेले ताट घेऊन मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. पुढे लीगने चौकशी समिती नेमली (समितीची बैठक पंगतीनंतर झाली) आणि त्यांची साक्ष काढली. चेंडू खांबांमधून गेला की नाही?

"चेंडवाचं मले मालूम नाही," त्या म्हणाल्या. "माहं ताट भरलंच्या भरलं वापस गेलं, ते म्या पायलं."

समितीने निकाल दिला. सामन्याचा पहिला भाग पूर्ण न करताच सदर खेळाडू दुसऱ्या भागात शिरला, सबब तो ऑफसाइड असून गोल रद्द. शालिग्रामने रंगरावांचे पाय धरले. "भाऊ, तुमी तं सांगा, गोल झाला म्हून." रंगरावांना खरेच वाईट वाटले. त्यांनी त्याला उठवले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू आजबी पंगतीत बसला नाही, पयले दोन घास खाऊन घे."

शालिग्राम उपाध्यक्ष झाला नाही. हल्ली तो ओळखीपाळखीच्या घरी जातो आणि त्या गोलाची हकीकत सांगू पाहतो. कोणीतरी एकदा 'हो, झाला गोल' म्हणावे, एवढेच त्याचे मागणे आहे. लोक म्हणतात, बसा, आधी चहा घ्या. तो म्हणतो, चहा नको, आधी ऐका. तिथून पुढे हकीकत जात नाही.

वाचकहो, तुम्ही तसे नाही, हे मी जाणतो. एवढी हकीकत तुम्ही शेवटपर्यंत वाचली आहे आणि गोल झाला हे तुम्हाला पक्के माहीत आहे. तेव्हा शालिग्रामला मी तुमचाच पत्ता दिला आहे. तो येईल, तुम्ही चहा विचाराल, तो नको म्हणेल. तुम्ही निदान अर्धा कप तरी म्हणाल, तो तरीही नको म्हणेल. मग तो दाराबाहेर पडल्यावर तुम्ही घरात जे काही बोलाल, त्यात गोलाचे नाव निघाले तर मला अवश्य कळवा.