गायधनी साहेबांनी मेल बंद केले तेव्हा

कोइमतूरच्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशन दोन दिवस अंबडच्या कारखान्यातच अडकून पडलं होतं, हे कळल्यावर चिंतामणराव गायधनींनी काँप्युटर सांभाळणाऱ्या मयुरेशला केबिनमध्ये बोलावलं.

"का नाही गेलं?"

"लाइन एकच आहे साहेब. कोटेशनच्या पुढे भोपळ्यात बसवलेल्या बाळाचे फोटो होते. बाळ जड होतं."

साल दोन हजार एक. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या त्या कारखान्यात ई-मेल येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मोडेम किर्रर्र करून लागला की अर्धं ऑफिस माना वर करून बघायचं. मेल आला की लोक एकमेकांना हाका मारायचे, एकाच स्क्रीनपुढे चौघं उभे राहून वाचायचे, आणि अकरा जणांना पुढे धाडला नाही तर अनिष्ट होईल अशी धमकी असेल, तर हिशेबनीससुद्धा निमूटपणे अकरा जणांना धाडायचे.

"उद्यापासून कुणाचाही मेल बाहेर जाणार नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, मग खरेदीवाले? डिस्पॅच?"

"त्यांचे मेल आधी माझ्याकडे येऊ देत. मी बघून सोडीन."

मयुरेशनं सर्व्हरवर तशी व्यवस्था केली. कारखान्यातून बाहेर निघालेला प्रत्येक मेल साहेबांच्या काँप्युटरवर येऊन थांबू लागला. साहेबांनी एक बटण दाबलं की तो पाठवणाऱ्याच्या नावानं पुढे जाई.

घोटाळा असा झाला, की साहेबांना मराठीची भारी आवड होती आणि लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. साहेब नुसतं बटण दाबेनात. ते दुरुस्त्या करू लागले. मालेगावच्या व्यापाऱ्याला लिहिलेल्या चार ओळींत त्यांनी सहा चुका काढल्या, तोवर माल न्यायला आलेला ट्रक फाटकाशी उभा राहून निघून गेला. खरेदीवाले केबिनबाहेर ताटकळत उभे राहू लागले. "सही नाही, निबंध तपासून घ्यायचाय," असं ते एकमेकांना सांगत.

अशात एका दुपारी स्टोअरमधल्या भारत विधातेचा मेल साहेबांसमोर आला. द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या मनीषा मौलेला तो होता. कारखान्याचा माल त्यांच्याच गाड्यांनी जाई, त्यामुळे भारतचं आणि तिचं फोनवर रोज बोलणं व्हायचं. मजकूर असा होता : 'विषय : विवाहाबाबत. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण मला पसंत आहात. आपली संमती असल्यास लवकरात लवकर कळवावे, ही विनंती. आपला विश्वासू, भारत विधाते.'

साहेबांनी कपाळावर हात मारला. "मुलगी मागतोय का नटबोल्ट?"

भारत पोरगा चांगला होता. असल्या पत्रानं त्याचं लग्न जमायच्या आधीच मोडणार, हे साहेबांना स्पष्ट दिसलं. त्यांनी विषयापासून विश्वासूपर्यंत सगळं पुसलं आणि लिहिलं, 'तुमचा फोन झाला तरी मी रिसीव्हर ठेवत नाही. उगाच हातात धरून उभा राहतो. तुमच्याशी लग्न करावं असं मला फार वाटतं.' मग समाधानानं त्यांनी मेल धाडून दिला.

पण सगळा मजकूर नव्यानं लिहिल्यामुळे तो साहेबांच्याच नावानं गेला. भारतचं नाव पुसलं गेलं होतंच. खाली आपोआप उमटलं : 'चिंतामण गायधनी, व्यवस्थापकीय संचालक'.

दुसऱ्या दिवशी दुपारी मखमलाबादच्या मळ्यातून फुलांचा टेम्पो थेट कारखान्यात शिरला. मनीषाचे वडील खंडेराव मौले उतरले आणि मेल छापलेला कागद फडकावत केबिनमध्ये घुसले. नेमक्या त्याच दिवशी ड्रायव्हर रजेवर म्हणून साहेबांचा डबा घेऊन अनसूयाबाई आल्या होत्या.

"हे चिंतामण गायधनी कोण हायेत?"

"हे काय, माझे मिस्टर," अनसूयाबाई म्हणाल्या.

खंडेराव चपापले. "वहिनी, तुम्ही जरा बाहेर जा. तुमच्यासमोर बोलण्यासारखं नाय."

"मग इथंच बोला," असं म्हणून अनसूयाबाईंनी कागद घेतला आणि वाचला. दोनदा वाचला. "अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं मीच," साहेबांना घाम फुटला, "पण ते माझं नाही. भारतचं आहे. भारतला बोलवा!"

भारत धावत आला. त्यानं कागद वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "हे मी नाही लिहिलं, साहेब."

"झालं!" खंडेराव म्हणाले. "माझी पोर कालपासून जेवली नाय. म्हणती, बोलणं भारतचं वाटतंय अन् नाव म्हाताऱ्याचं. पोरा, खरं सांग. फोन झाल्यावर उभा राहतो तो तू का हे?"

भारत खाली बघत राहिला. "मी राहतो. पण साहेबांना कसं कळलं?"

"अरे, केबिनला काच आहे," साहेब म्हणाले. "वर्षभर बघतोय. पलीकडून फोन बंद झालेला असतो आणि तू खांबासारखा उभा. तेच लिहिलं मी."

खंडेरावांनी कागदाची घडी घातली आणि हळूच खिशात ठेवली. "रविवारी आईवडलांना घेऊन ये मळ्यात," ते भारतला म्हणाले. "साहेब, तुम्ही बी या. पण लिहू नका आता काही."

ते गेल्यावर अनसूयाबाई डबा उघडत म्हणाल्या, "मला कधी एक ओळ लिहिली नाहीत, आणि हे लिहिलंत तेही दुसऱ्याचं बघून!" आणि पोळी जरा जोरातच वाढली.

संध्याकाळी साहेबांनी मयुरेशला सांगितलं, "काढून टाक ती बंदी. सगळ्यांचे मेल सुटू देत."

मयुरेश सर्व्हरकडे वळला, तर दारात भारत उभा.

"सगळ्यांची काढा," तो हळू आवाजात म्हणाला. "माझी तेवढी राहू द्या, साहेब. मनीषाचं उत्तर आलंय, आणि त्यावर आता मलाच लिहायचंय."

साहेबांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग चष्मा पुसला.

"दार लाव," ते म्हणाले. "काय लिहिलंय तिनं?"