डावीकडची काच

आमच्या शेजारचे गायकवाडभाऊ गाडीची एकच काच पुसतात. पुढची, डावीकडची. बाकी गाडीवर कर्जतची समस्त धूळ सुखाने नांदते. मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने काढलेला मोर महिनाभर मुक्कामाला आहे. डावी काच मात्र भाऊ आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या बनियनने आणि शेवटी वर्तमानपत्राने अशी लख्ख करतात, की कावळे येऊन तिच्यावर चोची आपटतात.

"भाऊ, निदान समोरची तरी पुसा," मी एकदा म्हणालो.

"समोर मलाच बगायचं हाय ना? मला रस्ता पाठ हाय."

रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून भाऊंनी घाई हा प्रकार आयुष्यातून काढून टाकला आहे. "आपल्याला काय, टाइम हाय," हे त्यांचं पालुपद. त्यांच्या गाडीला म्हशी ओव्हरटेक करतात, अशी आमच्या सोसायटीत वदंता आहे. खोटं कशाला बोलू, मी स्वतः एकदाच पाहिलंय.

ती काच भाऊंच्या पत्नीची, सुमनवहिनींची. गेली काही वर्षं वहिनींची आठवण विरत चालली आहे. दिवस कसाबसा जातो, पण उन्हं उतरली की त्या पिशवी घेऊन दारात येतात. "मला घरी जायचंय," म्हणतात, आपल्याच घराच्या दारात उभ्या राहून. मग भाऊ त्यांना गाडीत बसवतात. डाव्या काचेला कपाळ टेकलं की वहिनी निवतात. पळसदरीपर्यंत जाऊन आल्यावर रात्र बरी जाते. औषधांना जे साधत नाही, ते त्या काचेला साधतं.

गणपती झाल्यावर सोसायटीत गवत कापायचं मशीन आलं. त्याने एक खडा उडवला आणि एवढ्या गाड्या सोडून तो नेमका त्याच काचेवर बसला. काचेचा क्षणात साबुदाणा झाला. भाऊ झाडू घेऊन आले.

त्या संध्याकाळी त्यांनी खिडकीला प्लॅस्टिक चिकटवलं. गाडी निघाली, प्लॅस्टिक फडफडलं आणि वहिनी घाबरून उतरल्या. मग कितीतरी वेळ दारात उभ्या राहून रडत होत्या. भिंतीपलीकडे आम्हाला जेवण गेलं नाही.

सकाळी भाऊ माझ्या दारात हजर. "चला. आज काच पायजेच." पालुपद कुठल्या कुठे पळालं होतं.

खालापूरच्या अलीकडे पांडूशेठचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. भाऊंची गाडी इतकी जुनी, की तिची नवी काच मिळणं कठीण. पांडूशेठने "जय भीम, भाऊ" म्हणत भिंतीला टेकलेल्या पाच-सहा काचा दाखवल्या. माणूस काच कशी पाहतो? ओरखडे बघतो, कडा चाचपतो. भाऊ गुडघ्यांवर बसले, पहिल्या काचेला कपाळ टेकलं आणि डोळे मिटले.

"नाय. ही खरखरते."

दुसरीला टेकलं. "हिच्यातून आभाळ हिरवं दिसतं."

"डोळं मिटल्यावर कसं दिसलं ओ तुमाला आभाळ?" पांडूशेठ हतबल झाला. "भाऊ, काच हाय ती, उशी नाय!"

बंपर घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने तेवढ्यात हळूच एका काचेला स्वतःचं कपाळ लावून बघितलं. मीही लावलं, कशाला लपवू? गार वाटलं. पलीकडे माथेरानचा डोंगर निळसर विरघळत होता आणि क्षणभर मला आपण कशासाठी आलोय तेच आठवेना.

शेवटच्या काचेपाशी भाऊ इतका वेळ थांबले, की मला वाटलं, झोपले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "हीच."

पांडूशेठने दरवाजाचं आतलं आवरण उकललं, आतला चुरा काढला, काच खाचेत बसवली. भाऊंनी ती खालीवर करून करून त्याचा जीव काढला.

संध्याकाळी त्यांनी मला मागे बसवलं. काच खडखडली तर सांगायला. वहिनी पिशवी घेऊन आल्या. काचेवर तळवा फिरवला. त्या बसल्या आणि त्यांनी कपाळ टेकलं.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडू लागलं होतं. ऊन इतकं मऊ होतं, की रस्ता आपला आपणच सरकतोय असं वाटत होतं. काच खडखडली नाही.

"डायवर," वहिनी एकाएकी म्हणाल्या.

"बोला, बाई," भाऊ म्हणाले. सहज, रोजच्यासारखं. वहिनी त्यांना भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर समजतात आणि भाऊ रोज संध्याकाळी ड्रायव्हर होतात, हे मला त्या क्षणी कळलं.

"लगीन झालंय का तुमचं?"

"झालंय, बाई."

"मग संध्याकाळचं असं लोकांना काय फिरवत बसता? घरी जावा. ती वाट बगत असंल."

भाऊंनी मान हलवली. म्हणाले, "तुमाला सोडलं की लगेच जातो."

वहिनींचं समाधान झालं. त्यांनी डोळे मिटले. पळसदरी आली, परत फिरायची जागाही आली. भाऊंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी तशीच पुढे जाऊ दिली.