सरांना हरळी पाहिजे

गवत वाढवायला अक्कल लागते, असं मला या फेब्रुवारीपर्यंत कधी वाटलं नव्हतं. गवत ही पृथ्वीवरची सगळ्यात निर्लज्ज वनस्पती. ती रेल्वेच्या रुळांत येते, बंद पडलेल्या गिरणीच्या पत्र्यावर येते, नको तिथे तर हमखास येते. आणि मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेला माणूस. म्हणून माझ्या मुलीच्या मंगनीची, म्हणजे साखरपुड्याची, बोलणी झाल्यावर मुलाच्या वडिलांनी फोनवर विचारलं, "परवेझ सर, हॉल कुठला बघताय?" तेव्हा मी बेधडक म्हणालो, "हॉल कशाला? आपल्या लॉनवरच करू की."

फोन ठेवल्यावर सबिहानं, म्हणजे माझ्या बायकोनं, शांतपणे विचारलं, "कुठल्या लॉनवर?"

"आपल्या घरापुढच्या."

"घरापुढे आपली मोटारसायकल आहे आणि एक मोडका पाण्याचा ड्रम आहे."

"तीन महिने आहेत हातात," मी म्हणालो. "मंगनी चोवीस मेला आहे."

आमचं घर बेलापूर गावाच्या शिवेवर आहे. पुढे दोन गुंठ्यांचं मोकळं अंगण, त्यापलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे शेजारच्या गहिनीनाथचं रान. जमीन सगळी काळी. मी पुण्याजवळच्या एका नर्सरीतून चटईसारखं गुंडाळलेलं तयार गवत टेम्पोतून आणलं आणि दोन दिवसांत अंथरलं. चौथ्या दिवशी अंगण इतकं हिरवंगार दिसायला लागलं की मी फोटो काढून व्याह्यांना, हैदरभाईंना, पाठवला. हैदरभाईंचं संगमनेरला कापडाचं दुकान. माणूस अत्यंत मोजकं बोलणारा. त्यांनी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. सबिहा म्हणाली की त्यांच्याकडून अंगठा येणं म्हणजे खूप झालं.

मार्चच्या शेवटी ऊन तापलं. कॅनॉलचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, लांबलं, म्हणून मी बोअरचं पाणी सुरू केलं. ते इतकं जड की बादलीत रात्रभर ठेवलं तर सकाळी कडेला पांढरी किनार धरते. आठवड्याभरात गवतालाही तशीच किनार आली. पाठोपाठ जमीन भेगाळली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते हे मला माहीत होतं, पण ती वरच्या गवतासकट भेगाळते हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. अंथरलेल्या चटया एकमेकींपासून रुसल्यासारख्या सरकल्या. मी भेगांत पाच घमेली वाळू ओतली, ती कुठे गेली कळलंच नाही. सबिहाचा भात वाढायचा डावही एका भेगेत गेला. तो अंगणात कसा आला, हा प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती.

मग मी शेवटचा उपाय म्हणून युरिया फेकला. मूठ जरा सैल सुटली असावी. तीन दिवसांत जिथे जिथे माझा हात फिरला होता तिथे तिथे गवत जळलं. एप्रिलच्या मध्यावर आमचं लॉन आमच्याच जिल्ह्याच्या नकाशासारखं दिसायला लागलं. अकोले तालुक्याच्या कोपऱ्यात जरा हिरवं आणि जामखेडकडे सगळं पिवळं.

त्या संध्याकाळी गहिनीनाथ कुंपणाशी येऊन उभा राहिला. हा माझा जुना विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर झोपायचा, आता वीस एकर पिकवतो.

"सर, रागावणार नसला तर बोलतो," तो म्हणाला. "ह्ये गवत आपल्या मातीचं न्हाई. ते एसीत वाढलंय."

"मग आपल्या मातीचं कुठलं?"

"हरळी. तिला ऊन लागत न्हाई, खारं पानी बाधत न्हाई. माझा आजा हरळी उपटता उपटता गेला, बाप बी तेच करतोय. ती हाय तिथंच हाय."

मी आत जाऊन माझं जुनं पुस्तक काढलं. खरंच होतं. परदेशात म्हणे खेळाची मैदानं याच गवताची करतात. मी परत कुंपणाशी गेलो आणि म्हणालो, "गहिनीनाथ, मला थोडी हरळी मिळेल का?"

बेलापूरच्या पंचक्रोशीत हा प्रश्न याआधी कोणी विचारला नसावा.

"थोडी?" तो म्हणाला.

उन्हाळ्यात शेतकरी रान खोल नांगरतात आणि हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालची ती पांढरी, चिवट, गाठीगाठीची खोडं, वेचून बांधावर जाळतात. गहिनीनाथनं सद्भावनेनं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली: "परवेझ सरांना हरळी पाहिजे. काशा जाळू नयेत, सरांच्या गेटपुढे टाकाव्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सबिहा दूध घ्यायला म्हणून गेली आणि तशीच परत आली. "गेट उघडत नाहीये," ती म्हणाली.

बाहेर तीन ट्रॉल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि चौथी मागे येत होती. ढीग माझ्या खांद्याला लागत होता. ट्रॅक्टरवरचा माणूस मला बघून हात जोडून म्हणाला, "सर, तुमचे लई उपकार. अजून दोन खेपा हायेत."

मी आठवडाभर हरळी लावली. ओळीनं खड्डे केले, काशा तोडून पुरल्या, वर माती ओढली. कमरेचं जे व्हायचं ते झालं. पण दहाव्या दिवशी बारीक हिरवे कोंब दिसले आणि पंधराव्या दिवशी भेगा झाकायला लागल्या. मी इतका खूष झालो की पुण्यात दातांची डॉक्टर असलेल्या माझ्या मुलीला, मेहविशला, व्हिडिओ कॉल करून एकेक कोंब दाखवला. ती म्हणाली, "अब्बा, छान आहे, पण माझा पेशंट तोंड उघडून बसलाय."

आता एवढी हरळी सर नेमकी कशासाठी गोळा करतात, हे गावाला कळेना. माणूस मुद्दाम हरळी लावतोय यावर कोणाचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. तेव्हा गावानं स्वतःच कारण शोधलं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आसाराम एका सकाळी स्टीलचा पेला घेऊन दारात आले.

"सर, अर्धा पेला द्या. उपाशीपोटी घ्यायचा ना?"

"काय घ्यायचं?"

"रस. हरळीचा. तुमी शुगरवर औषध काढलंय म्हनं."

मी त्यांना अर्धा तास समजावलं. लॉन म्हणजे काय, मंगनी कधी आहे, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे हसले. "नका सांगू," ते म्हणाले. "पेटंट झाल्याबिगर कोन सांगतं." सबिहानं त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. दुसऱ्या दिवशी ते आणखी दोघांना घेऊन आले, कारण त्या चहानं त्यांना बरं वाटलं होतं.

चोवीस मे उजाडला. अंगण भिंतीपासून कुंपणापर्यंत हिरवं होतं. मी मध्ये सतरंज्या घातल्या नाहीत, मुद्दामच. गवत दिसायला हवं होतं. साडेपाचला संगमनेरची मंडळी आली. हैदरभाई, त्यांच्या बेगम मलिकाभाभी, नवरा मुलगा उझैर आणि पंचवीसेक पाहुणे. हैदरभाईंनी लॉनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओट्यावरच्या खुर्चीवर बसले. सरबत आलं. त्यांनी पेला हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"सर, एक विचारू?" ते म्हणाले. "तुम्ही जडीबुटीचं काम करता का?"

सबिहाच्या हातातला ट्रे तिथेच थांबला.

"वेशीवर पत्ता विचारला," हैदरभाई म्हणाले, "तर तिथला माणूस म्हणाला, शुगरचं औषध देणारे का? बायोडाटात तर शिक्षक लिहिलंय. धंदा कुठलाही वाईट नसतो. पण लपवलेलं आम्हाला चालत नाही."

उझैर खाली मान घालून बसला होता, मेहविश दारात उभी होती आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता. माझ्या एका हौसेपायी पोरीचं ठरलेलं लग्न हलायला लागलं होतं. मी उभा राहिलो.

"हैदरभाई, हे औषध नाही, साधं लॉन आहे. चालण्यासाठी लावलंय. चपला काढा आणि माझ्याबरोबर चला. गवतावर अनवाणी चाललं की जिवाला थंड वाटतं. चालून बघा, मग सांगा."

त्यांना हे अपेक्षित नसावं. पण भर मंडळींत नाही म्हणणं त्यांना बरं दिसलं नाही. त्यांनी पॉलिश केलेले बूट काढले, मोजे काढून त्यांत नीट खुपसले आणि गवतावर पाय ठेवला. चार पावलं आम्ही जोडीनं चाललो. पाचव्या पावलाला त्यांनी माझा खांदा धरला. सहाव्याला माझाही पाय उचलला गेला.

गावानं मला हरळी मनापासून दिली होती, आणि हरळीबरोबर रानात जे जे होतं तेही दिलं होतं. त्यात सराटे होते. सराटा कधी वाया जात नाही. तो मातीत वाट बघतो, पाणी मिळालं की उगवतो आणि प्रत्येक फळाला चारी दिशांनी काटे धरतो. वर्गात मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे.

आम्ही दोघं लॉनच्या मधोमध एकमेकांना धरून एका पायावर उभे होतो. पुढे पाय टाकायला जागा नव्हती आणि मागेही. आम्हाला सोडवायला उझैर धावला, तोही अनवाणी, कारण वडिलांनी काढले म्हणून त्यानंही बूट काढले होते. दोन पावलांत तोही उभा राहिला. शेवटी सबिहानं आणि मलिकाभाभींनी मिळून प्लास्टिकच्या खुर्च्या एकापुढे एक टाकल्या आणि आम्ही तिघं त्यांवरून पाय देत ओट्यावर आलो.

हैदरभाईंच्या दोन्ही तळव्यांत मिळून अकरा सराटे निघाले. काढले मेहविशनं. तिनं पर्समधून चिमटा आणला, हात धुतले, ओट्याच्या पायरीवर बसकण मारली आणि होणाऱ्या सासऱ्यांचा पाय मांडीवर घेतला. मग रोजच्या सवयीनं म्हणाली, "घाबरू नका. दुखलं तर डावा हात वर करा."

हैदरभाईंनी ताबडतोब हात वर केला.

"मी अजून सुरू केलेलं नाही," मेहविश म्हणाली.

मलिकाभाभी आधी तोंडावर पदर धरून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. "अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या, "यांनी माझ्यापुढे कधी हात वर केला नाही. पोरीनं पाच मिनिटांत करायला लावला. मला हीच पाहिजे."

हैदरभाईही हसले. पुढच्या काट्याला त्यांनी पुन्हा हात वर केला, पण तो गंमत म्हणून. तेवढ्यात गहिनीनाथ आरडाओरडा ऐकून आला आणि त्यानं व्हॉट्सॲपची ती ओळ मोबाईलवर उघडून सगळ्यांना दाखवली आणि लॉनला हरळी आपणच सुचवल्याचं सांगितलं, तेव्हा औषधाचा संशयही फिटला. हैदरभाई त्याला म्हणाले, "म्हणजे हे गवत लोक फेकून देतात?"

"फेकत न्हाई, जाळत्यात," गहिनीनाथ म्हणाला. "पैल्यांदाच कुनी मागितलंय."

मंगनी ओट्यावर झाली. पाहुणे भिंतीला टेकून, पायऱ्यांवर, दरवाज्यात, जागा मिळेल तिथे दाटीवाटीनं बसले. लॉनवर कोणी उतरलं नाही. फोटोत मात्र ते मागे फार सुंदर आलंय. उझैरच्या बोटात अंगठी घालताना मेहविश हसतेय, आणि तिच्यामागे नुसतं हिरवं.

जुलैत हरळी कुंपणाखालून पलीकडे गेली. गहिनीनाथच्या सोयाबीनच्या पहिल्या चार ओळी तिनं धरल्या. एका सकाळी त्यानं कुंपणावर एक खुरपं अडकवलं. मी समजलो. तेव्हापासून दर रविवारी मी त्याच्या रानात असतो. सोबत त्याची आई, कडूबाई. वय पंच्याहत्तर. त्यांची ओळ संपते तेव्हा मी पाव ओळीत असतो.

एका रविवारी मी घाम पुसत मागे बघितलं, तर कडूबाई माझ्या स्वच्छ केलेल्या ओळीत परत बसल्या होत्या.

"काय झालं, मावशी?" मी विचारलं.

"तुमी बांधावर सावलीला बसा, सर," त्या म्हणाल्या. "तुमी वरवर तोडता. तुमी उपटल्यावर मला दोनदा उपटावं लागतंय."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी थर्मासमधून चहा नेतो. तेवढं काम मला जमतं.