आपुलकीला पाच गुण

जगात पत्रांचे दोनच प्रकार असतात: ज्यांची आपण वाट पाहतो ती, आणि जी येतात ती. पहिल्या प्रकाराचा विचार कवींनी पुष्कळ केला आहे. दुसऱ्या प्रकाराचा शास्त्रशुद्ध बंदोबस्त मात्र आजवर एकाच माणसाने केला, आणि तो माणूस म्हणजे आमच्या गल्लीतले टपालकाका.

टपालकाका एका मोठ्या कार्यालयात चौतीस वर्षे आवक टपाल सांभाळून निवृत्त झाले. आलेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, वहीत चढवायचे आणि पाठवणाऱ्याला पोच द्यायची, हे त्यांचे काम. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पत्र गहाळ झाले नाही. (त्यांतल्या किती पत्रांना उत्तर गेले, हा प्रश्न वेगळा. ते काम शेजारच्या टेबलाकडे होते.)

काका निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी चिमू दूरच्या शहरात नोकरीला निघाली. (वय एकोणतीस, पूल बांधणारी इंजिनिअर, पण घरातले नाव काही सुटले नाही.) निघताना दारातच बापलेकीचे वाजले. काका म्हणाले, "जायचंय ना? मग जा. कुणी अडवलंय?" तीही बापाचीच मुलगी, गेली. त्यानंतर दर रविवारी फोन येई तो आईला. काकांच्या वाट्याला "हवा कशी आहे?" आणि "बरी आहे" एवढाच संवाद येई. मग एकदा ती आईला म्हणाली, "बाबांशी फोनवर बोलायला जमत नाही गं. मी त्यांना मेलवर सविस्तर लिहीन."

त्या दिवशी चिमूच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवरचा विणलेला रुमाल निघाला. काका दिवसातून चार वेळा मेल उघडून बसू लागले. काकूंनी विचारले की म्हणत, "वाट कोण बघतंय? मशीन बंद राहिलं की बिघडतं, म्हणून चालू करतो."

चिमूचे पत्र आले नाही. इतरांची आली.

पहिल्या आठवड्यात सात. एका तेलविहिरीच्या मालकाची विधवा आपली सगळी इस्टेट काकांच्या नावे करू इच्छित होती. तीन ठिकाणी काकांना न काढलेल्या तिकिटावर लॉटरी लागली होती. उरलेले तिघे काकांचे टक्कल, पोट आणि गुडघे यांच्या चिंतेत होते. काकांनी सातही पत्रांना आवक क्रमांक घातले आणि सातही जणांना पोच दिली: "आपले पत्र मिळाले. योग्य त्या कार्यवाहीसाठी नोंद घेण्यात आली आहे."

(येथे गैरसमज नको. काका कुणाला फसले नाहीत. विधवेने बँकेचा खातेक्रमांक मागितला तेव्हा "मागणी विहित नमुन्यात नाही, त्रुटी पूर्ण करून तीन प्रतींत फेरसादर करावी" असे त्यांनी कळवले. तिने दोनदा प्रयत्न केला. पतीच्या मृत्यूचा साक्षांकित दाखला मागितल्यावर मात्र तिने हात टेकले.)

दुसऱ्या आठवड्यात एकेचाळीस पत्रे आली, चौथ्यात तीनशे बारा आणि सहाव्यात एक हजार एकशे चाळीस. आपण निवृत्त झाल्याचे जगाला मान्य नाही, असा काकांनी याचा अर्थ लावला. पण पोचा देता देता त्यांची पाठ धरली, जेवण थंड होऊ लागले, आणि शेवटी काकूंनी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावून आणले.

बाईंनी पडद्याकडे पाहिले आणि मग काकांकडे पाहिले.

"काका, तुम्ही यांना उत्तरं देता?"

"छे! उत्तरं कशाला? फक्त पोच देतो."

"अहो, पोच दिली की त्यांना कळतं, इथे जिवंत माणूस बसलाय. मग ते दहा जणांना तुमचा पत्ता देतात."

"म्हणजे इतके दिवस मीच..."

"तुम्हीच हो. आमंत्रणं धाडताय घरबसल्या."

बाईंनी गाळणी बसवून दिली. तिची रीत सोपी होती. पत्रातल्या संशयास्पद शब्दांना आपण गुण ठरवून द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली की पत्र परस्पर कचऱ्याच्या कप्प्यात जाते आणि तिसाव्या दिवशी आपोआप नष्ट होते. बाई म्हणाल्या, "अधूनमधून तो कप्पा चाळत जा, एखादं चांगलं पत्रही अडकतं." काका नुसते हसले. ज्याने नियम केले त्यानेच नियमांवर संशय घ्यायचा, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

नियमावली तयार व्हायला नऊ दिवस लागले. आलेल्या दोन हजार पत्रांचा गोषवारा काढून काकांनी ती केली, आणि ती इतकी निर्दोष होती की तिच्यातली काही कलमे येथे देणे आवश्यक आहे. "प्रिय" या संबोधनाला दोन गुण. प्रत्येक उद्गारचिन्हाला एक. "तातडीने" याला दोन, सोबत फोटो असल्यास दोन, "कुणाला सांगू नका" असे असल्यास तीन. "बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे" याला चार. तब्येतीची चौकशी, चार. (तोवर काकांच्या तब्येतीची चौकशी करणारी एकशे सहा पत्रे आली होती. त्यांतले एकही ओळखीच्या माणसाचे नव्हते. सख्ख्या भावाने दोनदा लिहिले, दोन्ही वेळा शिडी परत मागण्यासाठी.) आणि सर्वांत वरचे कलम: अचानक दाखवलेली आपुलकी, म्हणजे "आठवण येते", "जीव रमत नाही" वगैरे, पाच गुण.

गाळणी सुरू झाली आणि घरात शांतता पसरली. महिन्याभरात दोनच पत्रे आत आली. एक वीजबिल. दुसरे दातांच्या डॉक्टरांचे: "आपला दात काढायचा राहिला आहे." दोघांनाही शून्य गुण होते. अशा कोरड्या, निर्मळ पत्रव्यवहाराची काकांना मनापासून कदर होती.

"चिमूचं काही?" काकू रोज सकाळी विचारत. (फोनवर चिमूला विचारले तर ती म्हणे, "ते मी आणि बाबा बघून घेऊ.")

"आलं असतं तर दिसलं असतं."

"मग तुम्हीच लिहा की चार ओळी!"

"असं कसं लिहिणार? संदर्भ काय टाकू?"

काकू कपाळावर हात मारून घेत. पण काकांची अडचण खरी होती. "आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून" या ओळीशिवाय एकही पत्र बाहेर जाताना त्यांनी पाहिले नव्हते. आधी आवक, मग जावक. त्यांनी कोऱ्या कागदावर "चि. चिमू" एवढे लिहिले आणि संदर्भाची जागा मोकळी ठेवून कागद खणात घातला. दिवसातून चारदा मेल उघडत होते ते आता सहादा उघडू लागले. खरे म्हणजे ते मनातून पार खचले होते; पण तशी नोंद करायला वहीत रकाना नव्हता.

चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी फोनऐवजी दाराची घंटी वाजली. दारात चिमू उभी, हातात बॅग.

"बाबा, चार पत्रं लिहिली मी. चार! एकालाही उत्तर नाही?"

"एकही आलं नाही," काका म्हणाले. "वही बघ."

चिमूने वही पाहिली नाही. ती तडक कॉम्प्युटरपाशी बसली आणि कचऱ्याचा कप्पा उघडला. केस उगवणारे तेल आणि ती विधवा (तिने पुन्हा लग्न करून पुन्हा वैधव्य पत्करलेले दिसले) यांच्या मधोमध चिमूची दोन पत्रे पडली होती. आधीची दोन तीस दिवस पूर्ण होऊन नियमानुसार नष्ट झाली होती. तिच्या शेवटच्या पत्राला तीस गुण पडले होते. विधवेचा उच्चांक चोवीसचा होता.

काकांनी चष्मा पुसला आणि वाचू लागले.

"प्रिय बाबा! बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तब्येत कशी आहे? मला तुमची फार आठवण येते! इथे जीव रमत नाही. आईला इतक्यात सांगू नका, पण तातडीने एवढंच कळवा, मी घरी आले तर चालेल ना? सोबत माझ्या खोलीचा फोटो. बघा, तुमचं घड्याळ लावलंय!"

काकांनी ते तीनदा वाचले. कलमामागून कलम लागू पडत होते, नियमावलीत खोट काढायला जागा नव्हती.

"आणि पहिल्या दोन पत्रांत काय होतं?" त्यांनी हळूच विचारले.

"तसलं एकदाच लिहिता येतं, बाबा," चिमू म्हणाली आणि आईला हाक मारत आत गेली.

काकांनी खणातला कागद काढून संदर्भाची मोकळी जागा भरली, आणि मजकूर टाइप करून शेजारच्या खोलीतल्या मुलीला रीतसर पाठवला:

"प्रिय चिमू! संदर्भ: आपली चार पत्रे, पैकी दोन प्राप्त. विषय: घरी येणे. उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की चालेल. केव्हाही. त्या दिवशी दारात चुकलो. आपला विश्वासू, बाबा."

हे पत्र चिमूच्या फोनवर थेट स्पॅममध्ये गेले. दीड महिन्यात दोन हजार पोचा धाडणारा पत्ता म्हणून काकांची आता जगभर नोंद झाली होती. तिला ते सापडले, कारण बापाची गाळणी पाहिलेली मुलगी आता आधी कचराच चाळते. पत्र वाचून ती तशीच उठून बाहेर आली आणि काकांच्या शेजारी बसली. काकांनी या भेटीची नोंद घेतली नाही. चौतीस वर्षे आणि चार महिन्यांत हे प्रथमच घडले.

गाळणी अजून आहे. गल्लीतल्या अकरा घरांनी ती नियमावली जशीच्या तशी उतरवून घेतली आहे, आणि तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांनीही एव्हाना घेतली असेल. तेव्हा वाचकहो, हे वाचून आज तुम्हाला घरी चार ओळी लिहाव्याशा वाटल्याच, तर धाडण्यापूर्वी बेरीज करून पाहा. बऱ्याच दिवसांनी लिहिणे, चार. तब्येतीची चौकशी, चार. अचानक आपुलकी, पाच. झाले तेरा. पत्र अडकणार. त्यात गाळणीचा काय दोष? तिने तुमचा आजवरचा पत्रव्यवहार पाहिला आहे.