मंत्रीमामा मंडपात पोचले!

माझ्या पोरीचं लग्न मुहूर्तावर लागणार म्हणजे लागणार! असं मी आमच्या कोहिनूर गावच्या चौकात उभं राहून ठणकावून सांगितलं होतं. आमच्या भागात लग्नं मुहूर्तावर लागत नाहीत. आधी पुढारी येतो, मग त्याचा सत्कार होतो, मग तो वधूवरांना आशीर्वाद देता देता मागच्या सरकारला शिव्या देतो, आणि नवरा-नवरी हार धरून ताटकळत राहतात. मी म्हटलं, आपल्याला पुढाऱ्याची वाट बघायची गरजच काय? आपला पुढारी घरातलाच आहे!

घरातला म्हणजे माझा मेहुणा, तानाजीराव. राज्यमंत्री! गाडीवर दिवा नाही तरी पुढे-मागे पोलीस आहेत, दारावर पाटी आहे. खातंही आहे, पण फायली सगळ्या मोठ्या मंत्र्याकडे जातात. मोठ्या साहेबांना जिथे जायचा कंटाळा येतो तिथे आमचा माणूस जातो. लग्नं, बारशी, तेरव्या, आणि उरलेल्या वेळात फिती कापणं! लग्नसराईत तर हा गडी मान हारात, डोकं फेट्यात आणि तोंडात 'सुखी राहा' अशा अवस्थेत जिल्हाभर फिरतो.

आणि हाच माणूस माझ्या स्नेहाचा एकुलता एक मामा! मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिल्याशिवाय अक्षता पडायच्या कशा? म्हणून साहेबांच्या सोयीसाठी गावातला मंडप रद्द केला आणि बीदरला, मैलूरच्या एका फंक्शन हॉलमध्ये लग्न ठेवलं. राग मला तेव्हाच आला होता. पण राजूबाईपुढे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींपुढे, तिच्या भावाविषयी बोलतो कोण!

मुहूर्त तोंडावर आला. भटजी तयार, नवरी तयार, नवरदेव घामाघूम. मामाचा पत्ता नाही!

"अवो, तानाजीला फोन लावा की!" राजूबाई कडाडली.

"कामून मी लावू? भाऊ कुणाचा हाय?"

"भाऊ माझा हाय, पण लगीन तुमच्या पोरीचं हाय!"

फोन लावला. उचलला त्याच्या पीएने, मंजुनाथने.

"अण्णा, काळजी करू नका. साहेब मंडपात पोचले की!"

"कुठल्या मंडपात? मी मंडपातच उभा हाय!"

"मैलूरच्या मंडपात, अण्णा. नवरीच्या मागं मामा म्हणून उभे बी राह्यलेत. अंतरपाट धरायलेत बघा."

मी मान वळवली. आमच्या नवरीच्या मागे नुसती भिंत होती. आणि त्या भिंतीपलीकडून दुसरा बँड वाजत होता! शेजारी दुसरा हॉल, तिथेही लग्न, तिथलाही मुहूर्त हाच. मी चपला न घालताच पळालो.

झालं होतं असं. तानाजीरावांची गाडी थांबली, वाजंत्री पुढे आली, चार जणांनी दंड धरले, भुवया झाकतील असा फेटा बांधला आणि साहेबांना स्टेजवर चढवलं. रोजचंच होतं सगळं. तिथे यानेच विचारलं, "मामानं कुठं उभं राह्याचं?" मंत्री स्वतःहून मामा व्हायला निघाला म्हटल्यावर ती मंडळी हरखून गेली! त्यांनी नवरीच्या खऱ्या मामाला सरळ हाताला धरून खाली उतरवलं. तानाजीरावांना दिसत होती फक्त नवरीची पाठ. पाठीवरून काय ओळखणार? सगळ्या नवऱ्या सारख्याच!

"तानाजीराव, ती आपली न्हाई!" मी दारातूनच ओरडलो.

पण मंगलाष्टकं सुरू झाली होती आणि स्पीकर माझ्या कानाशी होता. नवऱ्याकडच्या दोन धिप्पाड पाहुण्यांनी मला दोन्हीकडून धरलं.

"रुसलेला मामा परत आला वाटतं! बसा मामा, बसा. मनावर घिऊ नका."

"मी मामा न्हाई, दाजी हाय! माझी पोरगी तिकडं उभी हाय!"

"लई दुखावलेत हो. पाणी द्या मामाला!"

पाणी पाजलं. फेटा बांधला. मुठीत अक्षता कोंबल्या. उठायला गेलो की दोघे मायेने दाबून बसवत! माझं रक्त असं उकळत होतं की काय सांगू! प्रत्येक 'सावधान'ला मी नेम धरून अक्षता तानाजीरावांच्या डोक्यात हाणल्या. आणि तो सवयीने मला हात जोडत होता!

अंतरपाट खाली आला. नवरी वळून मामाच्या पाया पडली. तानाजीराव तिच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात मी स्टेजवर पोचलो.

"दाजी," ते हळूच म्हणाले, "स्नेहा लई बदलल्यावानी दिसायली."

"स्नेहा शेजारच्या हॉलात हाय, गाढवा!"

राज्यमंत्र्याला, भर मंडपात, पोलिसांसमोर! त्याचं तोंड एवढंसं झालं.

"दाजी, सकाळपासून हेच करायलोय हो. मोठे साहेब म्हणत्यात, तानाजी, तू जाऊन ये. एका कागदावर सही करायला म्हणून कुणी बोलवलं न्हाई मला. आज म्हणलं, मामाचं काम तरी आपलं सोताचं हाय, ते नीट करावं..."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही! मी त्याचा दंड धरला आणि ओढत आमच्या हॉलमध्ये आणला.

आमच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगती बसल्या होत्या.

स्नेहाच्या गळ्यात हार होता. तिच्या मागे एक अनोळखी गृहस्थ छाती काढून उभे होते. शेजारून उतरवलेला तोच मामा! बब्रुवान त्यांचं नाव.

"तिकडं मामा जास्त झाले," ते म्हणाले, "हिकडं कमी पडायलेत म्हणून कळलं. म्हणलं, नटून आलोच हाव तर उभं राहू."

"अगदी मुहूर्तावर लागलं बघा!" भटजी म्हणाले.

राजूबाई तरातरा आली. मी म्हटलं, आता बसतंय मेहुण्याच्या कानाखाली! तिने भावाच्या तोंडावरून हात फिरवला. "दमलास का रं तानाजी? जेवलास का न्हाई?" आणि मग माझ्याकडे वळली.

"आन् तुम्ही? पोरीवर अक्षता पडायल्या तवा दुसऱ्याचा फेटा घालून कुठं हिंडायले होता?"

स्नेहा जवळ आली. तिचे डोळे भरलेले होते.

"पप्पा, मी सारखी तुमालाच बघायले होते. कुठं होता तुम्ही?"

"अक्षताच टाकायलो होतो, माय," मी म्हणालो.

यात एक शब्दही खोटा नव्हता हो!